ॲमी जॉन्सन: पीपीएल थिअरीचे प्रश्न सोडवणाऱ्यांनी हिचं आयुष्य जरूर वाचावं

प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएलच्या थिअरीची तयारी करणारा प्रत्येक जण सराव प्रश्नांकडे वळतोच. मीही रोज रात्री मोबाइलवर पन्नासेक प्रश्न सोडवतो. चार पर्याय, त्यातला एक बरोबर. याचा एक धोका आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले की उत्तर पाठ होतं आणि कारण मात्र कळत नाही. हा फरक किती महागात पडू शकतो, हे मला ॲमी जॉन्सनच्या चरित्रातून सगळ्यात चांगलं समजलं. चला तर मग, पाहूया.

ॲमी जॉन्सन कोण होती?

ॲमीचा जन्म 1 जुलै 1903 चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या शहरातला. वडिलांचा मासळीचा व्यापार. तिने शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरीची नोकरी धरली. 1928 मध्ये ती स्टॅग लेन विमानतळावरच्या लंडन एअरोप्लेन क्लबमध्ये उडायला शिकू लागली. जुलै 1929 मध्ये तिला खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. लायसन्स हातात आल्यावर बहुतेक लोक पुस्तकं गुंडाळून ठेवतात. ॲमी मात्र हँगरमध्ये मेकॅनिक लोकांसोबत हात काळे करत होती. 1929 संपायच्या आत तिने ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्सही मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली ब्रिटिश महिला. इंजिन चालतं एवढं तिला पुरेसं नव्हतं, ते का बंद पडतं हेही तिला कळायला हवं होतं.

लंडन ते ऑस्ट्रेलिया, एकटीने

5 मे 1930 ला ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटी निघाली. विमान होतं जुनं, सेकंडहँड जिप्सी मॉथ, नाव 'जेसन'. उघडं कॉकपिट, रेडिओ नाही. त्याआधीचा तिचा सगळ्यात लांबचा एकटीचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता!

बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरायला लावलं. तिने चाकांना सामानाची ओट लावली, इंजिन झाकलं आणि वादळ ओसरेपर्यंत थांबली. तरीही सहा दिवसांत ती कराचीला पोहोचली. तेव्हाच्या विक्रमापेक्षा हे दोन दिवस कमी होते.

कराचीहून तिला अलाहाबाद गाठायचं होतं, पण इंधन पुरेना. शेवटी ती आपल्या झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. पंखाला मार लागला, तो तिथेच दुरुस्त करून घेतला. पुढे रंगूनजवळ विमान खड्ड्यात गेलं आणि प्रोपेलर मोडला. तिने जादा प्रोपेलर विमानाला बांधून आणला होता, म्हणून निभावलं. 24 मे 1930 ला ती डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी ती पहिली महिला ठरली.

झाशीचा प्रश्न आपल्या पेपरात

आता एक सराव प्रश्न घ्या. आकडे माझे आहेत, पण असे प्रश्न नेहमी येतात.

अंतर 300 नॉटिकल मैल. विमानाचा हवेतला वेग 90 नॉट. समोरून वारा 15 नॉट. इंजिन तासाला 25 लिटर पितं. इंधन किती लागेल?
अ) 71 लिटर
ब) 83 लिटर
क) 100 लिटर

समोरचा वारा वजा करा: 90 − 15 = 75 नॉट. 300 ला 75 ने भागलं की 4 तास. म्हणजे 100 लिटर, उत्तर 'क'.

पण इथे थांबू नका. 83 कुठून आलं? वारा विसरला की येतं. आणि 71? वारा मागून आहे असं धरलं की. चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात, माणूस नेमका कुठे घसरतो ते त्यात दडलेलं असतं. शिवाय 100 लिटर हे फक्त पोहोचण्यापुरतं झालं, राखीव इंधन वेगळं. टाकीत 95 लिटर घेऊन निघालात, तर 'ब' वाल्याला वाटेल बारा लिटर शिल्लक राहील. प्रत्यक्षात तो अलीकडेच मैदान शोधत फिरेल.

शेवटचं उड्डाण

दुसऱ्या महायुद्धात ॲमी एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीमध्ये होती. कारखान्यातून किंवा तळावरून विमानं दुसरीकडे पोहोचवायचं काम. 5 जानेवारी 1941 ला ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. हवामान खराब होतं. काही तासांनी ती वाटेपासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखापाशी पॅराशूटने पाण्यात उतरली. तिला वाचवायला एका जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारली. तेही गेले. ॲमीचा देह कधीच सापडला नाही. ती 37 वर्षांची होती. नेमकं काय बिघडलं यावर आजही वाद आहे. माझ्यापुरतं सांगतो, हवामानशास्त्राचा पेपर आता मला नुसता गुणांचा वाटत नाही. इतका अनुभव गाठीशी असलेली वैमानिकही अशा हवेत वाट चुकू शकते.

मग प्रश्न कसे सोडवायचे?

आज ब्रिटनमध्ये पीपीएलचे नऊ लेखी पेपर असतात आणि प्रत्येकात 75 टक्के लागतात. सरावाने ते जमतं. मी तीन गोष्टी पाळतो:

1. आधी पर्याय झाकून उत्तर काढायचं. आकाशात पर्याय दिलेले नसतात.
2. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे एका ओळीत वहीत लिहायचं.
3. आकडे बदलून तोच प्रश्न स्वतः पुन्हा तयार करायचा. वारा समोरून होता, तो मागून करून बघायचा.

वेळ जास्त जातो, हे खरं. रोजचे पन्नास प्रश्न वीसवर येतात. पण ते वीस डोक्यात राहतात. तुमच्या ओळखीत कुणी पीपीएलची तयारी करत असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.