बिने यांची मोजपट्टी

सहामाहीचा निकाल घेऊन मूल घरी आले की आपण त्याला दोन प्रश्न विचारतो. किती मार्क पडले? आणि नंबर कितवा आला? विचारतो एका दमात, पण हे प्रश्न एक नव्हेत. पहिल्यातून मुलाला काय येते याचा थोडाफार अंदाज येतो. दुसऱ्यातून ते इतरांच्या रांगेत कुठे उभे आहे, एवढेच कळते. या दोन प्रश्नांची ओढाताण ज्यांच्या आयुष्यात आणि आयुष्यानंतरही झाली, ते म्हणजे बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने.

बिने 8 जुलै 1857 रोजी नीस शहरी जन्मले. वडील डॉक्टर, आई चित्रकलेत रमणारी. दोघे विभक्त झाले आणि मुलाला आईने वाढवले. कायद्याची पदवी घेतली, वकिली केली नाही. डॉक्टरकी शिकायला गेले, तीही अर्धवट सोडली. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून मानसशास्त्र वाचत राहिले. आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणाले असते, ते सांगायला नको!

पुढे साल्पेट्रिएर इस्पितळात शार्को या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली ते संमोहनाचे प्रयोग करू लागले. लोहचुंबक फिरवला की संमोहित रुग्णाचा लुळेपणा एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो, असे त्यांनी छापूनही टाकले. बेल्जियमच्या देल्बफ यांनी स्वतः जाऊन पाहिले. काय घडायला हवे याची चर्चा रुग्णासमोरच चालायची आणि रुग्ण ते इमानाने करून दाखवायचा! बिने यांना चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. ही ठेच त्यांना फार लागली असावी, कारण पुढे तपासणाऱ्याच्या बोलण्याचा परिणाम तपासल्या जाणाऱ्यावर होऊ नये, याबद्दल ते अतिशय काटेकोर झाले.

मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींना कोडी घालता घालता त्यांच्या लक्षात आले, की एकाच घरातल्या दोन मुली दोन तऱ्हांनी विचार करतात. शाळकरी मुलांची डोकी मोजूनही पाहिली. हुशार आणि मंद मुलांच्या डोक्यांतला फरक इतका किरकोळ निघाला, की तो नाद त्यांनी सोडला.

1882 मध्ये फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी 1904 मध्ये सरकारने समिती नेमली. बिने तिच्यात होते. नुसत्या मास्तरांच्या मतावर सोडले, तर एखादे द्वाड पण धडधाकट पोर मंदबुद्धीच्या वर्गात जाऊन पडायचे. म्हणून 1905 मध्ये डॉ. थिओडोर सिमाँ यांच्यासह त्यांनी 30 छोट्या कसोट्या तयार केल्या. 1908 मध्ये त्या वयानुसार लावल्या. त्यांत नाक-डोळे दाखवणे होते, चौकोन काढणे होते, दोन वजनांतले जड ओळखणे होते. एखादे काम त्या वयाच्या बहुसंख्य मुलांना जमले, की ते त्या वयाचे ठरले.

खरी मेख इथेच आहे. सात वर्षांची बुद्धी म्हणजे काय, तर पॅरिसच्या सात वर्षांच्या पोरांपैकी बहुतेकांना जे जमते ते! म्हणजे ही तुलनाच झाली. मूल मागे आहे हे तिने कळते, पण सोमवारी वर्गात त्याला काय शिकवायचे हे कळत नाही.

बिने यांना याची जाण होती. त्यांच्या लेखी आकडा हे मुलाचे भविष्य नव्हते, मदत कुठे हवी याची ती खूण होती. 18 ऑक्टोबर 1911 रोजी, अवघ्या 54 व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. 1916 मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्या भागाकाराला 100 ने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. पहिल्या महायुद्धात तिथे सुमारे 17 लाख सैनिकांच्या अशा तुलनेच्या चाचण्या झाल्या. मोजपट्टी समुद्रापार गेली, तिच्या कर्त्याची सावधगिरी मात्र मागेच राहिली. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवल्या, पण नुसते भाषांतर पुरणारे नव्हते. रांगच बदलली, तर मधला कोण हेही नव्याने ठरवावे लागते.

बँकेत मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. बढतीच्या जागा मोजक्या, तिथे शेजारच्या टेबलावरच्याला मागे टाकावे लागे. सीएआयआयबीच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळवले की झाले. सगळे पास झाले तरी कोणाचे काही जात नसे. या दुसऱ्या तऱ्हेला, म्हणजे ठरवलेल्या कौशल्याच्या निकषावर मापण्याला, रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या 1963 मधल्या लेखापासून शास्त्रात नाव आणि मान मिळाला.

मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांसाठी बिने आणि त्यांचे सहकारी मात्र त्याच्या अर्धशतक आधी काही खेळ सांगत होते. एक पुतळ्यांचा. मास्तरांनी खूण केली की असाल तसे थिजायचे आणि हलायचे नाही. पहिल्या दिवशी सगळा वर्ग चुळबुळे, खिदळे. मग हळूहळू पोरे जास्त वेळ स्थिर राहू लागत.