डार्विनची तपकीर

चार्ल्स डार्विनला तपकिरीचं व्यसन होतं. लागलं कुठे, तर कॉलेजात, एडिंबरोला मेडिकल शिकताना. मेडिकल अर्धवट सुटलं, तपकीर नाही सुटली. पुढे लंडनजवळच्या डाउन गावातल्या घरात त्याने एक शक्कल लढवली. तपकिरीची बरणी अभ्यासिकेत ठेवायचीच नाही, बाहेर हॉलमध्ये ठेवायची. चिमूट हवी तर उठा, दार उघडा, चालत जा. परीक्षेच्या दिवसांत आपण फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो ना, अगदी तस्संच! पण त्या बरणीच्या झाकणाचा आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता, यावरून काय ते समजा. कधी दिवाणखान्यात गप्पा मारताना त्याला एकदम वाटायचं, अभ्यासिकेतली शेकोटी विझत आली असेल. मुलं म्हणायची, आम्ही बघून येतो. मग कळायचं, बाबांना चिमूटही हवीय.

एकदा त्याने ठरवलं, तपकीर फक्त घराबाहेर ओढायची. गावचे पाद्री इनिस यांच्याकडे तपकिरीची डबी असे आणि बागेतून थेट त्यांच्या खोलीत जाता येई. झालं! डार्विनच्या फेऱ्या वाढल्या. मित्राशी चार घटका गप्पा होतात म्हणून पाद्रीबाबा खूश.

हा माणूस आळशी नव्हता, हे वेगळं सांगायला नको. 1846 ते 1854 अशी आठ वर्षं तो बार्नेकल नावाच्या, खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून राहणाऱ्या जिवांची चिरफाड करत बसला होता. सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक करून. त्यातून चार ग्रंथ निघाले. हे सगळं पोटाचं कायमचं दुखणं, उलट्या आणि थकवा सांभाळत. 1851 मध्ये दहा वर्षांची लाडकी लेक अ‍ॅनी गेली. तो घाव शेवटपर्यंत भरला नाही.

अशा शरीर-मनाने इतकं काम झालं कसं? त्याचा दिवस पाहिला की थोडंफार कळतं. सकाळी आठ ते साडेनऊ काम. मग टपाल आणि सोफ्यावर आडवं होऊन बायको एमाकडून कादंबरी ऐकणं. साडेदहा ते बारा पुन्हा काम. दिवसातलं महत्त्वाचं काम तिथे संपलं असंच तो मानायचा. मग कुत्र्याला घेऊन ‘सँडवॉक’ या झाडीतल्या पायवाटेवर फेऱ्या. वाटेत गारगोट्यांचा ढीग, एक फेरी झाली की पायाने एक गारगोटी बाजूला उडवायची. मोजायचं टेन्शन नाही. संध्याकाळी पुन्हा तासभर काम. एकूण चार-साडेचार तासच होतात. मात्र एवढे तास रोज आणि वर्षानुवर्षं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डार्विनला वडिलोपार्जित पैसा होता, नोकरी कधी करावी लागली नाही. घरात नोकरचाकर होते, सगळं सांभाळणारी एमा होती. लोकल पकडून कॉलेज आणि नंतर पार्टटाइम जॉब करणाऱ्याला हे वेळापत्रक जसंच्या तसं कुठून जमणार?

पण मजा घेण्याची त्याची रीत फुकटातली होती. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव ठरलेले. हरला की नशिबाच्या नावाने लटका आरडाओरडा. आणि हिशेब? तो तर बार्नेकलइतकाच चोख. 1876 मध्ये अमेरिकेतल्या मित्राला त्याने मोठ्या ऐटीत कळवलं, एमा जिंकली 2490 डाव आणि मी 2795! कादंबऱ्यांचा शेवट गोडच हवा. रडका शेवट करण्याविरुद्ध कायदा व्हावा असं त्याचं मत होतं. खाण्यातल्या गोडाला डॉक्टरांची बंदी होती. तो न खाण्याच्या शपथा घ्यायचा, पण मोठ्याने उच्चारली नसेल ती शपथ धरायची नाही, हा त्याचा नियम. (डाएटवाल्यांनी नोंद घ्यावी.)

1859 च्या सुरुवातीला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहून पुरं करण्याची धडपड चालली होती. तब्येत ढासळलेली. सहा-सात महिन्यांपूर्वीच धाकटं बाळ दगावलेलं, त्याच दिवसांत वॉलेसचा तोच सिद्धांत मांडणारा निबंध टपालाने येऊन पडलेला. अशा वेळी डार्विनने घरात बिलियर्ड्सचं टेबल आणलं. त्या खेळाने डोक्यातल्या प्रजाती पार पळून जातात, असं त्याने एका मित्राला लिहिलं. नोव्हेंबरात पुस्तक बाजारात आलं.

एक हिशेब मात्र चुकला, असं त्यालाच म्हातारपणी वाटलं. तरुणपणी कविता आणि संगीत आवडायचं, ती गोडी कामाच्या रगाड्यात पार आटून गेली. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचेन, गाणं ऐकेन, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

पियानो घरात होताच. शेवटच्या वर्षांत गांडुळांवरच्या पुस्तकाची तयारी चालू असताना डार्विनने गांडुळांच्या कुंड्या त्याच्यावर ठेवून पाहिल्या. त्यांना ऐकू येतं का, हे तपासायला. जवळच पियानो वाजला तर ती ढिम्म हलत नव्हती. पण कुंडी थेट पियानोवर ठेवून खर्जातला एक सूर वाजवला, की दोन्ही कुंड्यांतली गांडुळं तत्काळ बिळात पळाली.