ख्रुश्चेव यांची पाच मजली घरे

निकिता ख्रुश्चेव म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १९६० साली संयुक्त राष्ट्रांत आपटलेला बूट (तो खरोखर आपटला की नुसता उगारला, यावर तिथे हजर असलेल्यांचेही एकमत नाही). दुसरी, बुल्गानिन यांच्यासोबत १९५५ च्या अखेरीस केलेला भारतदौरा. रशियातल्या सामान्य माणसाला मात्र हे नाव रोज जिना चढताना आठवते. तिथे लाखो माणसे ज्या पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत राहतात त्यांना ‘ख्रुश्चोव्का’ म्हणतात. रागावले की ‘ख्रुश्चोबा’ म्हणतात. ‘त्रुश्चोबा’ म्हणजे गलिच्छ वस्ती. त्यावर केलेली ही कोटी.

या माणसाचे चरित्र त्याच्या घरांवरून सांगता येते. जन्म १८९४ चा, कुर्स्क प्रांतातल्या कालिनोव्का या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी. वडील कोळशाच्या खाणींत कामाला जात. निकिता चौदा वर्षांचा असताना कुटुंब युझोव्काला आले. हे गाव एका वेल्श कारखानदाराने वसवलेले, आजचे दोनेत्स्क. तिथे तो फिटर झाला. १९१४ साली लग्न झाले तेव्हा कुशल कामगार म्हणून त्याला नीट स्वयंपाकघर असलेले घर मिळाले. पुढे मॉस्कोचा पक्षप्रमुख झाल्यावर आपल्या राज्यातल्या कामगाराला याच्या निम्मेही घर देता येत नाही, हे त्यांना बोचत राहिले. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत त्यांनी हे मोकळेपणाने मान्य केले आहे. भांडवलदाराने दिलेले घर क्रांतीने दिलेल्या घरापेक्षा बरे होते, ही कबुली कम्युनिस्ट नेत्याला सोपी नव्हती.

क्रांतीनंतर शहरात नोकऱ्या वाढल्या, घरे वाढली नाहीत. जुन्या श्रीमंतांच्या प्रशस्त घरांत खोलीखोलीला एक कुटुंब घातले गेले. याला ‘कोमुनाल्का’ म्हणत. स्वयंपाकघर एक, संडास एक, आणि त्यापुढे पाच-सात बिऱ्हाडे. आपल्या चाळीत सामाईक संडास असला तरी चूल तरी ज्याची त्याची असते. तिथे तीही नव्हती. शिवाय भिंतीपलीकडचा शेजारी आपले बोलणे कुठे पोहोचवील याचा भरवसा नसे. मग युद्ध आले. त्यात सोव्हिएत संघातली सुमारे अडीच कोटी माणसे बेघर झाली.

ख्रुश्चेव या काळात काही अलिप्त बसले नव्हते. तीसच्या दशकात ते मॉस्को नदीकाठच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रचंड इमारतीत राहत. त्या इमारतीतली कितीतरी माणसे रात्रीबेरात्री नेली गेली. मॉस्कोत आणि नंतर युक्रेनमध्ये चाललेल्या धरपकडीला त्यांचाही हात लागलेला आहे. स्तालिनच्या अत्याचारांवर १९५६ साली त्यांनी भाषण केले, ते धाडसाचे खरे. पण त्यात स्वतःचा हिशेब नव्हता. चरित्रकाराने हे झाकू नये.

घरांच्या बाबतीत मात्र ते त्याआधीच बोलले होते. डिसेंबर १९५४ मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या परिषदेत त्यांनी वास्तुशिल्पज्ञांना चांगलेच फैलावर घेतले. स्तालिनच्या काळातल्या इमारतींवरचे मनोरे, खांब, नक्षी यांवर किती पैसा गेला याचे आकडेच त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी फरमान निघाले: अनावश्यक सजावट बंद. ३१ जुलै १९५७ च्या ठरावाने घरटंचाई दहा-बारा वर्षांत संपवायची असे ठरले. मॉस्कोच्या कडेला नव्या चेर्योमुश्की भागात नमुन्याची वसाहत उभी राहिली. वितालि लागुतेन्को या अभियंत्याने ‘के-७’ नावाचा आराखडा केला. भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रकवरून आणायच्या आणि क्रेनने जोडायच्या. पाचच मजले, कारण त्याहून उंच केले तर लिफ्ट लागते. छत जेमतेम अडीच मीटर, स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटर, न्हाणी आणि संडास एकत्र.

हसणे सोपे आहे. पण त्या स्वयंपाकघराला दार होते. आत टेबलाशी दोन मित्र चहा घेत बसले की आयुष्यात पहिल्यांदा मनातले बोलता येत होते. सोव्हिएत माणसाच्या खासगी गप्पा, बंदी असलेली हस्तलिखिते, गिटारवरची गाणी हे सारे पुढची तीस वर्षे याच पाच-सहा चौरस मीटरांत नांदले. अधिकृत आकड्यांनुसार १९५६ ते १९६५ या दहा वर्षांत दहा कोटींहून अधिक माणसे नव्या घरात गेली. जगात इतक्या थोड्या काळात इतक्या लोकांना कुणी क्वचितच घर दिले असेल.

मी बँकेत असताना गृहकर्जाची फाइल आली की आम्ही दोन प्रश्न आधी विचारायचो: इमारतीचे आयुष्य किती उरले, आणि दुरुस्तीचा पैसा कोण ठेवतो? ख्रुश्चेव यांच्या योजनेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, दुसऱ्याचे नव्हते. यातल्या बऱ्याच इमारती साधारण पंचवीस वर्षांची सोय म्हणूनच बांधल्या होत्या. १९६१ च्या पक्ष-कार्यक्रमाने १९८० पर्यंत प्रत्येक कुटुंबाला, नवविवाहित जोडप्यालासुद्धा, सोयीस्कर स्वतंत्र ब्लॉक देण्याचे वचन दिले होते. म्हणजे ही घरे तोवर मोडीत निघायचीच होती. भाडे १९२८ साली ठरलेल्या दरानेच चालू राहिले. त्यात दुरुस्ती निघणे शक्य नव्हते. फरक सरकार भरी. सरकार आहे तोवर घसाऱ्याचा विचार कोण करतो?

ख्रुश्चेव यांना १९६४ च्या ऑक्टोबरात सहकाऱ्यांनी दूर केले. जूनमध्ये पेरलेल्या बियाण्याचा हिशेब डिसेंबरात मागणारा, अधीर, रागीट, वर्षाला नवा प्रयोग काढणारा हा माणूस त्यांना नकोसा झाला होता. मॉस्कोबाहेरच्या पेत्रोवो-दाल्नेये येथील बंगल्यात टोमॅटो लावत, टेपरेकॉर्डरपुढे आठवणी सांगत त्यांनी सात वर्षे काढली. स्वतःच्या नावाच्या घरात ते कधी राहिले नाहीत. ११ सप्टेंबर १९७१ रोजी ते गेले. पुढच्यांनी घरे बांधणे थांबवले नाही. पाचाचे नऊ मजले झाले, मग बारा, सोळा. वसाहती शहराएवढ्या झाल्या.

आणि १९९१ साली सरकारच गेले. त्याच वर्षीच्या ४ जुलैच्या कायद्याने रशियात राहत्या माणसाला ब्लॉक फुकट मिळाला. पण मिळाला तो चार भिंतींच्या आतला. छप्पर, जिना, तळघरातले नळ, पॅनेलच्या सांध्यांतून आत झिरपणारे पाणी, आतून गंजणारे जोडपोलाद यांचा वाली कोण, हे बराच काळ अधांतरी राहिले. निवृत्तिवेतनावरची म्हातारी आता मालकीण झाली होती. छपराचा पैसा मात्र तिच्याजवळ नव्हता, आणि नगरपालिकेजवळही नव्हता. आपल्याकडे सहकारी सोसायटीत सिंकिंग फंडाच्या वर्गणीवरून भांडणे होतात, पण निदान तो शब्द सर्वांना ठाऊक असतो. रशियात दरमहा दुरुस्ती वर्गणी सक्तीची करणारा कायदा आला तो २०१२ च्या डिसेंबरात.

सर्वांत वाईट अवस्था एकाच उद्योगावर वसलेल्या गावांची. उत्तर ध्रुववृत्तापलीकडचे वोर्कुता हे कोळशाचे गाव, कैद्यांच्या छावण्यांतून वाढलेले. १९८९ साली तिथे लाखाहून अधिक वस्ती होती; खाणी बंद पडत गेल्या तशी ती निम्म्याहून खाली आली. तिथे घर उबदार ठेवणारे गरम पाणी गावाच्या मोठ्या केंद्रातून जाड नळांनी येते. साठ ब्लॉकांच्या इमारतीत चार बिऱ्हाडे उरली तरी साऱ्या इमारतीला ऊब द्यावी लागते, नाहीतर नळ गोठून फुटतात. म्हणून उरलेल्या माणसांना गावाच्या मध्यावर आणून कडेच्या इमारतींचे पाणी तोडायचे, असा मार्ग नगरपालिकेने धरला. पूर्व जर्मनीतल्या हाले-नोयश्टाटची लोकसंख्याही एकीकरणानंतर निम्म्यावर आली. पण तिथे पश्चिमेचा पैसा होता, त्यामुळे २००२ पासून सरकारी योजनेतून काही इमारती पाडल्या आणि उरलेल्या सुधारल्या. खार्किवच्या साल्तिव्का वसाहतीवर २०२२ साली जी वेळ आली ती म्हातारपणाची नव्हे, रशियन तोफांची होती.

मॉस्कोत प्रश्न उलटा आहे, कारण तिथे जमिनीला सोन्याचा भाव. १९९९ पासून महापौर लुझकोव्ह यांनी सतराशेहून अधिक पाच मजली इमारती पाडायला घेतल्या. २०१७ साली सोब्यानिन यांनी आणखी पाच हजारांहून अधिक इमारतींची यादी काढली; सुमारे दहा लाख माणसे हलवायची होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हजारो मॉस्कोवासी विरोध करायला रस्त्यावर उतरले, आणि सरकारी यंत्रणा चकित झाली. अट अशी पडली की इमारतीतल्या दोन तृतीयांश घरांनी होकार द्यायचा. बहुतेकांनी दिला, नव्या इमारतीतली लिफ्ट कुणाला नको असते? काही इमारतींनी मात्र नकार दिला आणि यादीतून नाव काढून घेतले. साठ वर्षांपूर्वी पहिल्या बिऱ्हाडकरूंनी अंगणात लावलेले बर्च आणि पॉपलर आता पाचव्या मजल्याच्या खिडकीशी आले आहेत.