नाथमाधव

द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव (३ एप्रिल, १८८२ – २१ जून, १९२८) हे मराठी कादंबरीकार होते. प्रेम, साहस आणि रहस्य यांची गुंफण असलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, तसेच शिवकालावरील ऐतिहासिक कादंबऱ्या यांसाठी ते ओळखले जातात. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांचे नाव ‘माधव’ यांपासून त्यांचे टोपणनाव तयार झाले.

जीवन

नाथमाधवांचा जन्म मुंबईत झाला. शालेय शिक्षणानंतर ते कुलाबा येथील तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीस लागले. त्यांना शिकारीचा नाद होता. १९०५ मध्ये सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून खाली कोसळले. या अपघाताने त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते.

अपघातानंतर तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, त्यांची ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढील दोन दशके त्यांनी लेखन केले. वयाच्या ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची सारी ग्रंथसंपदा अपघातानंतरच्या २३ वर्षांतील आहे.

साहित्य

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांपर्यंत मागे जाते. नायक-नायिकांची ताटातूट, त्यांच्यावरील संकटे आणि शेवटी मीलन हा त्या कथांचा गाभा होता. हरि नारायण आपटे यांनी मराठी कादंबरी वास्तवाकडे वळवल्यानंतरही सामान्य वाचकाची अद्भुताची ओढ ओसरली नव्हती. ‘वीरधवल’ (१९१३) या कादंबरीने ती ओढ भागवली.

‘सावळ्या तांडेल’ (१९०९) या कादंबरीच्या नावातील ‘तांडेल’ म्हणजे जहाजावरील खलाशांचा प्रमुख होय. ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ (१९१५) या कादंबरीत रहस्य आणि साहस यांना प्राधान्य आहे. ‘डॉक्टर’ ही तीन भागांची सामाजिक कादंबरी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ इत्यादी कादंबऱ्यांची त्यांची ऐतिहासिक मालाही वाचकप्रिय ठरली.

वैशिष्ट्ये

वेगवान घटना, उत्कंठा आणि शौर्याचे प्रसंग ही नाथमाधवांच्या कथनाची बलस्थाने होत. चालण्याफिरण्याची शक्ती गमावलेल्या या लेखकाच्या कादंबऱ्यांत मात्र प्रवास, पाठलाग आणि धाडस यांना मोठे स्थान आहे. केवळ अपंगत्वावर केलेली मात म्हणून या लेखनाकडे पाहणे अपुरे ठरते; विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत रंजनप्रधान कादंबरीचा वाचकवर्ग वाढवणाऱ्या लेखकांत त्यांची गणना होते.

इतर कादंबऱ्या

* विहंगवृंद
* देशमुखवाडी
* हेमचंद्र रोहिणी