दीड दिवसाची शाळा ते मॉस्को : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे



1 ऑगस्टला आपण शाळेत लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती साजरी करतो. मुलं भाषणं पाठ करून येतात. अण्णाभाऊंवरच्या जवळजवळ प्रत्येक भाषणात दोन वाक्यं ठरलेली असतात : ते दीड दिवस शाळेत गेले, आणि ते रशियाला जाऊन आले. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि आपण वर्गात जातो. पण या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं, ते मुलांना आपण सांगतो का? आज तेच सांगायचा प्रयत्न करते.

बालपण आणि शाळा

अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आहे. मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. मातंग समाजातलं हे कुटुंब. घरची गरिबी होतीच, त्यात जातीमुळे गावात पावलोपावली अपमान होता. शाळेत नाव घातलं, पण शिक्षकांचा मार आणि वागणूक पाहून हा मुलगा दीड दिवसात शाळा सोडून आला तो पुन्हा गेला नाही.

पुढे हे कुटुंब गाव सोडून पायी मुंबईकडे निघालं. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं आणि पुन्हा चालायचं. मुंबईत अण्णाभाऊंनी कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत काम केलं. आणि इथेच ते वाचायला शिकले. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, भिंतींवरचे फलक हीच त्यांची पाठ्यपुस्तकं. अक्षराला अक्षर जोडत हा मुलगा साक्षर झाला.

शाहीर कसे घडले?

गळा गोड होता, पाठांतर जबरदस्त होतं. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते रमले आणि तिथे लोकांसमोर उभं राहायला शिकले. कामगार चळवळीत आल्यावर हीच कला त्यांनी लोकांचे प्रश्न मांडायला वापरली. 1944 मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी 'लाल बावटा' कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं, ढोलकी घेऊन हे शाहीर गिरणगावात आणि खेडोपाडी फिरत. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या गाण्यांनी मैदानंच्या मैदानं भारावून टाकली.

गाणं आधी पोहोचलं, माणूस नंतर

आता रशियाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहरासाठी भयंकर लढाई झाली. घराघरासाठी लोक लढले. ऐन हिवाळ्यात, बर्फात जर्मन सैन्य वेढलं गेलं आणि फेब्रुवारी 1943 मध्ये शरण आलं. ही हकीकत मुंबईत वर्तमानपत्रांतून येत होती. ती मनात घेऊन अण्णाभाऊंनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. ज्या शहरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याची लढाई त्यांनी आपल्या कामगारांना डफावर ऐकवली. तानाजी, बाजीप्रभूंचे पोवाडे ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्यांना ती परकी वाटली नाही.

या पोवाड्याचं रशियन भाषेत भाषांतर झालं. त्यांचं इतर लेखनही तिकडे पोहोचलं. म्हणजे बघा, माणूस अजून मुंबईच्या झोपडपट्टीत राहतोय आणि त्याचे शब्द हजारो किलोमीटर दूर त्या थंड देशात जाऊन बसले आहेत!

अखेर 1961 साली अण्णाभाऊंना रशियाला जायला मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियाचा युरी गागारिन अंतराळात जाऊन आला होता, सगळं जग त्या देशाकडे बघत होतं. अण्णाभाऊंचं नाव तेव्हा मोठं झालेलं होतं, 'फकिरा' कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला होता. पण खिसा मात्र रिकामाच होता. मित्रांनी आणि चाहत्यांनी हातभार लावला, तेव्हा कुठे प्रवासाची तयारी झाली.

तिथे त्यांना फक्त मोठ्या इमारती बघायच्या नव्हत्या. कष्टकरी माणूस तिथे कसा जगतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ज्यांच्यासाठी आपण आयुष्यभर गायलो, त्यांच्यासारखी माणसं दुसऱ्या देशात कशी राहतात, हीच ओढ होती. परत आल्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं शिकलेल्या माणसाने मराठीला प्रवासवर्णन दिलं.

त्यानंतरची वर्षं मात्र सुखाची गेली नाहीत. आजारपण आणि ओढगस्तीतच 18 जुलै 1969 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं 48. पुढे 2002 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं आणि 2022 मध्ये मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा बसला.

माझ्या वर्गातला 'दीड दिवस'

आता थोडं स्वतःबद्दल. मी वेरूळ परिसरात शिकवते. श्रावणात घृष्णेश्वराला गर्दी होते, लेण्यांकडेही पर्यटक येतात. त्या दिवसांत माझ्या वर्गातली काही मुलं आईबापासोबत बेल-फुलांच्या, खेळण्यांच्या दुकानावर बसतात. असाच एक मुलगा दोन सोमवार आला नाही. मंगळवारी आल्यावर मी सगळ्यांसमोर त्याला बोलले, जरा जास्तच बोलले. बुधवारी तो आलाच नाही. गुरुवारीही नाही.

शेवटी मीच दुकानावर गेले. तो परदेशी पर्यटकांना मोडक्या इंग्रजीत किमती सांगत होता, सुट्टे पैसे तोंडी हिशोब करून देत होता. वर्गात वजाबाकीला घाबरणारा तो हाच. मला बघून मात्र त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, त्या क्षणी मला अण्णाभाऊंचे शिक्षक आठवले आणि माझीच लाज वाटली. मी त्याच्याशी आणि त्याच्या आईशी नीट बोलले. तो परत आला. पण मी गेले नसते तर?

अण्णाभाऊ शाळा सोडूनही मोठे झाले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ते त्यांचं मोठेपण आहे, शाळेचं नाही. शाळेने तर त्यांना गमावलं होतं. प्रत्येक मुलाला पोवाडा तारत नाही. म्हणून शिक्षक मित्रांनो, यंदाच्या भाषणात दीड दिवसावर टाळ्या घेण्याआधी एकदा आपली हजेरी उघडून बघू या. पालकहो, तुम्हीही मुलाला शाळा का नकोशी वाटते हे आधी शांतपणे विचारा, मग रागवा.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

1. पृथ्वीगोलावर वाटेगाव, मुंबई आणि मॉस्को मुलांना शोधायला सांगा. कोणता प्रवास पायी झाला असेल आणि कोणता विमानाने, यावर गप्पा मारा.
2. शाळेच्या वाटेवरच्या 10 पाट्या मुलांना लिहून आणायला लावा. त्याच शब्दांचा वाचनपाठ घ्या. मागे पडलेल्या मुलांनाही हे छान जमतं.
3. न पाहिलेल्या एखाद्या गावाबद्दल मुलांना चार ओळी रचू द्या आणि डफ नसेल तर बाकावर ताल धरून म्हणू द्या.

तुमच्या वर्गात हे करून बघा.