पेशींच्या वाढीला लगाम घालणारा माणूस

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा हुकलेल्या नोबेल पारितोषिकाच्या हळहळीपुरते. ही हळहळ अगदीच अनाठायी नाही. परंतु तिच्या भरात त्यांनी नेमके केले काय, हा मुख्य प्रश्न मागे राहतो.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेला हा मुलगा मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने खादी वापरली, इंग्रज प्राध्यापकांचा रोष ओढवून घेतला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी कनिष्ठ पदवीवर समाधान मानले. दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने दगावले, हा घाव मात्र कायम राहिला. १९२२ साली सासऱ्यांच्या व एका धर्मादाय निधीच्या मदतीने ते बोस्टनला पोहोचले. तेथे पोटासाठी त्यांनी इस्पितळात रुग्णांची भांडी धुतली.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची सुटसुटीत पद्धत शोधली. तिच्याच आधारे १९२९ साली स्नायूंतून एटीपी हे द्रव्य वेगळे काढले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. पेशी अमिनो आम्लांची माळ ओवून प्रथिने तयार करते. प्रत्येक मणी ओवण्यास शक्ती खर्च होते, आणि तिचे रोख चलन म्हणजे हे एटीपी. एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ले प्रयोगशाळेत गेले.

तेथल्या कामाचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. १९२८ पासून डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत गर्भवती गिरणी-कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्कातील कोणते तरी द्रव्य तो बरा करते, असे त्यांना आढळले. तेच पुढे फॉलिक आम्ल ठरले. सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली ते प्रयोगशाळेत घडवले. दुभंगण्यापूर्वी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्याचा एक घटक बनवण्यास फॉलिक आम्ल लागते. ते नसेल तर अस्थिमज्जेतील पेशी फुगतात, पण दुभंगत नाहीत. संग्रहणीवरही ते गुणकारी ठरले; भावांच्या दृष्टीने पंचवीस वर्षे उशिरा.

मग उलटा विचार पुढे आला. रक्ताच्या कर्करोगात पेशी बेबंद दुभंगतात. त्यांना हे आम्ल मिळूच दिले नाही तर? त्याचा जवळजवळ जुळा भासणारा, पण निरुपयोगी असा रेणू बनवण्यात आला: अमिनोप्टेरिन. पेशी फसते आणि विभाजन थांबते. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी तो सोळा मुलांना दिला आणि दहांना उतार पडला. हा उतार तात्पुरता होता, हे सांगितलेच पाहिजे. परंतु त्यापूर्वी या मुलांसाठी काहीच नव्हते. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरले जाते.

१९४५ साली त्यांच्याच विभागात बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन शोधले. हे औषध जंतूंच्या प्रथिननिर्मितीची यंत्रणाच अडवते. हत्तीरोगावरचे हेट्राझनही त्याच प्रयोगशाळेचे. त्याच्या गोळ्या विदर्भातील अनेक घरांत पोहोचल्या आहेत. सुब्बाराव स्वतः श्रेयासाठी पुढे येत नसत. त्यांच्या हार्वर्डमधील काही शोधांना फिस्के यांनी प्रकाश दिसू दिला नाही, असे पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नमूद केले आहे. फिस्के यांचा दोष झाकण्याचे कारण नाही. तथापि सुब्बाराव यांच्या संकोचाला निव्वळ सद्गुण मानणेही मला पटत नाही, कारण त्यामुळे पुढच्या संशोधकांना तीच वाट पुन्हा तुडवावी लागली.

आणि या संशोधनाची किंमत मोजणारे आणखी एक माणूस होते. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. पती गेल्यानंतर जन्मलेले मूल वर्षाच्या आत गेले. सुब्बाराव मायदेशी परतलेच नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. बोस्टनला निघालेल्या पतीला शेषगिरींनी निरोप दिला होता, त्याला तेव्हा सव्वीस वर्षे होत आली होती.