निळ्या बालकांच्या डॉक्टर : हेलन टॉसिग

आजारी मूल बरे झाले की त्याचे श्रेय आपण एका डॉक्टरला देऊन मोकळे होतो. परंतु जन्मतःच जडलेल्या दुखण्याला एकट्याचे हात पुरे पडत नाहीत. डॉ. हेलन टॉसिग यांच्या चरित्रातून हे सत्य स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील केंब्रिज गावी २४ मे १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. अक्षरे डोळ्यांपुढे गोंधळत, वाचन जमत नसे; प्राध्यापक वडिलांनी धीराने शिकवले. हार्वर्डमध्ये त्या काळी स्त्रियांना वैद्यकाची पदवी मिळत नसे. म्हणून त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये गेल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या. १९३० मध्ये तेथील मुलांच्या हृदयरोग विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. याच सुमारास ऐकू येणे कमी होऊ लागले. मग त्या बोटांच्या स्पर्शाने मुलांच्या हृदयाचे ठोके जाणू लागल्या!

विभागात अंग निळे पडलेली बालके येत. हृदयातील दोषामुळे त्यांच्या फुप्फुसांत पुरेसे रक्त जात नसे. चार पावले चालले तरी त्यांना धाप लागे. वर्षानुवर्षे पाहून हेलनबाईंच्या ध्यानात आले, की गर्भातील एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटली की या बालकांची प्रकृती ढासळते. मग तशीच वाट नव्याने का करू नये? बोस्टनच्या एका शल्यविशारदाने या कल्पनेत रस घेतला नाही. पुढे हॉपकिन्समध्ये आलेल्या डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मात्र ती उचलून धरली. प्रयोगशाळेतील कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ती रीत सिद्ध केली. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून थॉमस त्यांना सूचना देत होते. ती मुलगी काही महिन्यांनी दगावली. परंतु वाट सापडली होती. पुढे एका सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गुलाबी झाले. मग देशोदेशींहून आईबाप मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची नावे मिळाली. थॉमस यांचे नाव मात्र फार काळ मागे राहिले. १९७६ साली त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली, आणि आज त्या शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचेही नाव जोडले जाते.

शस्त्रक्रिया संपली म्हणजे आपले काम संपले, असे हेलनबाईंनी कधी मानले नाही. ती मुले मोठी झाली, तरी त्यांच्या प्रकृतीचा मागोवा त्या घेत राहिल्या. निवृत्तीनंतरही हे काम चालूच होते. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

एकीने पाहिले, एकाने करून पाहिले, एकाने धाडस केले; तेव्हा कुठे एका बालकाचे ओठ गुलाबी झाले. यश वाटून घेताना यांपैकी कोणालाही विसरता कामा नये.